हे म्हणणे खरे आहे की

"हात कूलरवर ठेवा बाबा. तो कठडा हाये."

कारभारीने हात कूलरवर ठेवला. कूलर थंडीपासून बंद होता आणि त्याच्यावर टॉवेल वाळत पडला होता. शीतलने टॉवेल काढून घेतला, कारण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात टॉवेल नसतो. मग तिने काळी ओढणी खांद्यांवरून पुढे सोडली आणि बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षातून थेट वकिलीत शिरली.

"घटनेच्या दिवशी तुम्ही कुठं होता?"

"दुकानात."

"कुठल्या दुकानात?"

"आता तुला म्हाईत न्हाई का कुठल्या?"

"बाबा, मी शीतल न्हाई. मी आरोपीची वकील हाये."

"तोंड तर शीतलचंच हाये," भाकरी थापता थापता तिची आई दैवशाला म्हणाली. "तुम्ही सरळ उत्तर द्या ना. उद्या वकिलाला असं इचारसाल का?"

"बरं. नारळाच्या दुकानात."

"तुमची नजर अधू आहे, तुम्हाला लांबचं दिसत नाही, असं मी म्हणते."

"बराबर," कारभारी म्हणाला, "पुढं बोल."

दाराशी बसलेली शेजारीण उषाबाई या सगळ्यात हसली नव्हती. तिचं लक्ष टीव्हीकडे होतं. आवाज बंद करून ठेवलेल्या पडद्यावर एक कुटुंब भिंतीला हात लावून लावून रंगावर खूश होत होतं. "जल्दी करा," ती म्हणाली. "लागंल आता."

उलटतपासणीची तालीम फक्त जाहिरातींत चालत असे. 'आरोप मान्य नाही' ही मालिका पुन्हा सुरू झाली की आवाज वाढवला जाई आणि वकील, साक्षीदार, भाकरी थापणारी असे सगळे जागच्या जागी बसत. मालिकेतल्या ॲडव्होकेट मैत्रेयी अजून एकही खटला हरलेल्या नव्हत्या. पहिल्या आठवड्यात त्या हरतील असं वाटे, दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना तशी खात्री वाटे, आणि तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी कोर्टाचं दार धाडकन उघडून कुणीतरी आत येई.

या मालिकेने राजूरच्या त्या गल्लीला कोर्टाचं वेड लावलं होतं, आणि त्याला कारण होतं. मालिकेतलं कोर्ट स्वच्छ होतं. तिथे न्यायाधीशांना सर्दी होत नसे, कुणाचा मोबाईल वाजत नसे आणि पुढची तारीख म्हणजे उद्या, याच वेळेला. दैवशालाला मैत्रेयीच्या साड्या आवडत. शीतलला तिचा आवाज आवडे. तो काढून बघण्याच्या नादात तिने कॉलेजातल्या एका प्राध्यापकाला "हरकत आहे" म्हटलं होतं. कारभारीला मात्र साक्षीदार आवडायचा. कुठलाही असो, माळी, वॉचमन, स्वयंपाकीण. तो पिंजऱ्यात उभा राहिला की सगळं कोर्ट गप्प व्हायचं. त्याला रडू आलं तर पाण्याचा ग्लास यायचा. त्याचं वाक्य मध्ये कुणी तोडलं तर मैत्रेयी टेबलावर हात आपटून म्हणायची, "साक्षीदाराला बोलू द्या!" मग संगीत सुरू व्हायचं, आणि साक्षीदार शेवटपर्यंत बोलायचा.

शेवटपर्यंत बोलणं ही गोष्ट कारभारीच्या वाट्याला कधी आलेली नव्हती. नाव कारभारी असलं तरी कारभार दैवशालाकडे होता. गणपतीच्या देवळाच्या रस्त्यावर त्याचं नारळ-अगरबत्तीचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नारळ घेता घेता नवस सांगे. पोराला नोकरी लागत नाही, सुनेला दिवस जात नाहीत, बोअरला पाणी लागलं ते खारं. कारभारी नारळ कानाशी हलवून बघत म्हणायचा, "बराबर." माणूस पुढे सांगायचा. "बराबर, बराबर." माणूस मोकळा होऊन पायऱ्या चढायचा. इकडे फोनवर, बसमध्ये, बैठकीत ऐकणारा माणूस मध्ये मध्ये 'बराबर' म्हणत असतो. तो गप्प राहिला तर सांगणाऱ्याला वाटतं, फोन कटला. कारभारी यात इतका तयार होता, की काही लोक नारळ नको असला तरी त्याच्याकडे थांबत.

अशाच एका मंगळवारी ठेकेदाराचा पुतण्या कल्याण नवी जीप पूजेला घेऊन आला होता. चारी चाकांखाली लिंबं ठेवली होती. नव्या गाडीने ती अलगद चिरडत पुढे यायचं असतं. लिंबं फुटतानाचं शूटिंग कल्याणला स्वतःच करायचं होतं, म्हणून एक हात स्टेअरिंगवर आणि दुसऱ्या हातात खिडकीबाहेर मोबाईल. गाडी अलगद आली नाही. ती लिंबांवरून, उषाबाईच्या हारांच्या टोपल्यांवरून आणि टोपल्या आत ओढणाऱ्या रामप्रसादवरून आली. रामप्रसाद म्हणजे उषाबाईचा नवरा, कारभारीचा शेजारचा दुकानदार. दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला.

रस्त्यावर तेव्हा भरपूर माणसं होती. पोलीस आले तेव्हा प्रत्येकाने सांगितलं, की आपण त्या क्षणी देवाकडे बघत होतो. इतकी एकाग्र भक्ती त्या रस्त्यावर पूर्वी कुणी पाहिली नव्हती. गाडीकडे बघत होतो असं सांगणारा एकटा कारभारी निघाला.

जीपवाल्यांचं म्हणणं वेगळं होतं. रामप्रसाद दारू पिऊन झोकांड्या खात गाडीपुढे आला. रक्ताचा नमुना तपासणीला गेला होता. तो अजून जाऊनच राहिला होता. तोवर 'प्यालेला होता' हे गावभर फिरून आलं. उषाबाईचा सख्खा दीर दहाव्याला म्हणाला, "सवय वाईट अस्ती." रामप्रसादने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. त्याचा डावा पाय जन्मापासून आखूड होता आणि तो चाले तेव्हा डोलल्यासारखा दिसे. भरपाईचं वकील बघून घेतील, असं उषाबाई म्हणे. तिला कोर्टातून एकच वाक्य हवं होतं: माझा माणूस पेलेला नव्हता. ते कोर्टात लिहिलं गेलं, की दिराच्या दारात जाऊन ती ते वाचून दाखवणार होती.

ते वाक्य सांगणारा एकच माणूस होता, आणि तो आत्ता कूलरला धरून उभा होता.

"भाऊजी," मालिका संपल्यावर उषाबाई उठत म्हणाली, "उद्या घाबरू नका."

"घाबरायचं काय त्यात? सगळं पाठ हाये मला. त्यो वकील वरडंल, बोट दाखवंल. वरडू दे. त्याचं झालं, की मंग माझा नंबर. मी एकदम पहिल्यापासून सांगतो. रामप्रसादचा पाय, टोपल्या, त्या कल्याणचा मोबाईल, सगळं."

"फकस्त मधी थांबू नका."

"न्हाई थांबत."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने चौघं तालुक्याच्या कोर्टात गेली. कारभारीने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि दाढी गुळगुळीत केली होती. कोर्टाच्या व्हरांड्यात त्याला पहिला धक्का बसला. दार उघडंच होतं. ते दगड लावून उघडं ठेवलं होतं, म्हणजे धाडकन उघडून आत येण्याची सोय नव्हती. लोक आत-बाहेर करत होते, आत एक म्हातारा बाकावर झोपला होता, आणि खुर्चीवर नुकत्याच रत्नागिरीकडून बदलून आलेल्या तरुण न्यायाधीश बाई बसल्या होत्या. त्यांना सर्दी झाली होती.

सरकारी वकिलांनी कारभारीला व्हरांड्यातच गाठलं. त्यांच्या काखेत फायलींचा गठ्ठा होता आणि त्यातली कुठली कारभारीची, हे ते शोधत होते. "राजूरची जीप ना? हां. विचारलं तेवढंच बोलायचं. जास्त बोलायचं नाही."

"साहेब, पर मला समदं सांगायचं हाये."

"मी विचारीन ना." आणि ते दुसऱ्या साक्षीदाराकडे गेले.

पुकारा व्हायला वेळ होता. कारभारी चहाच्या टपरीवर गेला, तर शेजारी येऊन उभा राहिला सूरज. हा ठेकेदाराकडे कामाला होता. नेमकं काय काम ते कुणाला माहीत नव्हतं, पण तो सगळीकडे असायचा.

"रामराम मामा. चहा माझ्याकडून."

"मी घेतला."

"मामा, तुम्हाला कोणी खोटं बोला म्हणत न्हाई. आपण देवाच्या दारातले लोक. फकस्त एवढंच हाये, की बराच टाइम झाला. माणसाला काय काय ध्यानात राहातं? आठवत न्हाई म्हणलं, की विषय खतम. कल्याणचं पुढच्या महिन्यात लग्न हाये. पोरीकडचे लोक थांबून राह्यले."

"बराबर," कारभारी म्हणाला. तो बशीतला चहा बघत होता आणि मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हणून पाहत होता.

"शीतलताईचं कॉलेज बी चालू हाये. रोज गाडीनं येती-जाती. आपलीच पोर. आपलं ध्यान अस्तं तिच्याकडं."

कारभारीने मान वर केली. सूरज हसत होता.

"बराबर?" सूरजने विचारलं.

आता इथे माणसाने काय म्हणायचं? फोनवर समोरच्याने 'बराबर?' विचारलं तर जे म्हणतात तेच तोंडातून गेलं. "बराबर." सूरजने त्याच्या खांद्यावर थोपटलं, चहाचे पैसे दिले आणि फोन कानाला लावत निघाला. "झालं. मामा आपलेच हायेत."

व्हरांड्याच्या खांबाशी उषाबाई उभी होती. तिने खांद्यावरचा हात पाहिला होता.

"काय म्हणत होता त्यो?"

"आठवत न्हाई म्हणा म्हणे."

"मंग तुम्ही काय म्हणलात?"

"काहीच न्हाई. बराबर म्हणलो."

दैवशालाने कपाळाला हात लावला. "अहो, त्याला बराबर कशाला म्हणायचं?"

"मंग काय म्हणायचं? माणूस बोलून राह्यला ना समोर."

 शीतलचा विषय कारभारीने दोघींनाही सांगितला नाही.  तेवढ्यात दारातून त्याच्या नावाचा पुकारा झाला, तीनदा, लिलावात करतात तसा.

पिंजरा लाकडी होता, पण कठड्याचा एक खिळा वर आला होता. देवाला स्मरून खरं सांगीन अशी शपथ झाली. उषाबाई दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली, तिच्याशेजारी दैवशाला आणि शीतल. दुसऱ्या बाजूला कल्याण पांढऱ्या शर्टात, त्याच्यामागे सूरज.

सरकारी वकिलांची सरतपासणी, म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीदाराला विचारायचे प्रश्न, चहा निवायच्या आत संपली. कुठं होता, काय पाहिलं, गाडी कुणी चालवत होतं, कोर्टात हजर आहे का. "गाडी यानं आणली. हातात मोबाईल होता. रामप्रसादच्या अंगावर घातली," कारभारी म्हणाला. तो रामप्रसादच्या पायावर येणार, एवढ्यात सरकारी वकील म्हणाले, "बस्स," आणि खाली बसून दुसरी फाईल उघडली.

कारभारीला वाईट वाटलं नाही. मालिकेतही पहिल्यांदा थोडंच विचारतात. खरी रंगत उलटतपासणीत. त्याने कठडा धरला आणि ओरडा अंगावर घ्यायला तयार झाला.

आरोपीचे वकील उठले. पिकल्या केसांचे, चष्मा गळ्यात लोंबणारे. ते पिंजऱ्याजवळ आले आणि ओरडले नाहीत.

"रामराम मामा. इथं बसायला देत नाहीत. पाय दुखत असतील."

"न्हाई साहेब."

"राजूरला मी दर चतुर्थीला येतो. नारळ बहुतेक तुमच्याकडचाच घेतला असेल."

"घेतला असंल."

"प्रश्न विचारा," न्यायाधीश बाई नाकाला रुमाल लावून म्हणाल्या.

"विचारतो मॅडम." वकिलांनी कठड्यावर कोपर टेकलं. गिऱ्हाईक दुकानाच्या फळीवर टेकतं, अगदी तसं. "मामा, मंगळवारी गर्दी असते दुकानावर."

"अस्ती ना."

"गिऱ्हाइकाकडं बघायचं, नारळ निवडून द्यायचा, सुट्टे द्यायचे."

"बराबर."

"त्या दिवशीपण गिऱ्हाईक होतंच."

"बराबर."

"आणि गिऱ्हाइकाकडं तोंड केलं, की रस्त्याकडं पाठ होते."

"बराबर," कारभारी म्हणाला. पण लिंबं ठेवली तेव्हा आपण वळून उभे होतो, हे त्याला सांगायचं होतं. आत्ता नको. याचं होऊ दे. मग आपला नंबर.

न्यायाधीश बाई टंकलेखकाकडे वळून हळू आवाजात सांगत होत्या, "हे म्हणणे खरे आहे की, घटनेच्या वेळी माझी पाठ रस्त्याकडे होती." वर पंखा घरघरत होता. कारभारीचं तिकडे ध्यान नव्हतं. शेवटच्या बाकावर शीतलचं होतं. तिने आईचं मनगट धरलं.

"रामप्रसाद चांगला माणूस," वकील म्हणाले. "तुमचा दोस्त. फक्त त्याची चाल झुलती होती."

"बराबर. त्याचा डावा—"

"येतो, येतो तिकडं. घाई नाही." ते तिकडे कधीच आले नाहीत. "माणूस दिवसभर उन्हात बसतो. हार गुंफतो. अंग मोडून येतं. मग कधीमधी थोडी घेतो. त्यात वाईट ते काय?"

ते अशा आवाजात बोलत होते, की डोळे मिटले असते तर कुणी नवस सांगतंय असं वाटलं असतं. कारभारीला या आवाजापुढे एकच गोष्ट करता येत होती आणि ती तो जन्मभर करत आला होता. शिवाय त्याला घाई झाली होती. याचं लवकर संपावं, म्हणजे आपलं सुरू होईल. समोरच्याचं लवकर संपवायचं असेल तर इकडचा माणूस तो शब्द दोनदा म्हणतो.

"बराबर, बराबर."

"त्या दिवशीपण थोडी घेतली असेल."

"बराबर."

"झोक गेला असेल. गाडीपुढं आला असेल. पोरानं ब्रेक मारला, पण काय करणार?"

"बराबर, बराबर."

"बाबा!" शीतल उठून उभी राहिली.

"शांत बसा. बाहेर काढीन," न्यायाधीश बाई म्हणाल्या. मालिकेतल्यासारखा हातोडा त्यांच्याकडे नव्हता. त्यांनी पेनाने टेबलावर टकटक केलं.

कारभारीने मुलीकडे पाहिलं. तिने ओरडावं असं काय झालं, ते त्याला कळलं नाही. त्याला एवढंच दिसलं, की उषाबाईने पदर तोंडावर ओढून घेतला आहे आणि सूरज कल्याणच्या पाठीवर हात ठेवून हसतो आहे.

"माझं झालं मॅडम," वकील म्हणाले. "थँक यू मामा."

"फेरतपासणी?" बाईंनी विचारलं.

आपल्या साक्षीदाराला पुन्हा विचारून सावरायची ही शेवटची संधी होती. सरकारी वकिलांनी दुसऱ्या फाईलमधून डोकं वर काढलं, "नाही मॅडम" म्हटलं आणि पुन्हा आत घातलं.

कारभारीने घसा साफ केला. आता त्याचा नंबर होता. त्याने पहिलं वाक्य जुळवलं, छाती भरून घेतली आणि वाट पाहिली. शिपायाने पुढच्या केसचा पुकारा केला.

"मामा, इकडं या," टंकलेखकाशेजारी बसलेला सांडू नावाचा कारकून म्हणाला. तो इकडचाच होता. "वाचून दाखवतो. बराबर आहे का सांगा आणि सही करा."

सांडू वाचू लागला. रोज वाचून वाचून त्याच्या वाचण्याला आगगाडीचा ताल आला होता. "हे म्हणणे खरे आहे की माझी पाठ रस्त्याकडे होती हे म्हणणे खरे आहे की मयताची चाल झुलती होती हे म्हणणे खरे आहे की मयत अधूनमधून दारू पीत असे हे म्हणणे खरे आहे की घटनेच्या दिवशी मयत दारू प्यालेला होता व झोक जाऊन—"

"थांब," कारभारी म्हणाला.

सांडू थांबला नाही.

"थांब! हे कोणी म्हणलं?"

"तुम्हीच."

"मी कवा म्हणलो?"

आवाज चढला होता. पुढच्या केसचा वकील बोलायचा थांबला. न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं. "काय आहे?"

"मॅडमसाहेब, ह्यात खोटं लिव्हलंय. मी खरं हाये म्हणलो न्हाई."

"मी स्वतः ऐकलंय. प्रत्येक प्रश्नाला तुम्ही 'बरोबर' म्हणालात."

"बरोबर न्हाई. बराबर म्हणलो."

कोर्टात हसू फुटलं. झोपलेला म्हातारा उठून बसला. बाईंचा चेहरा तापला. "तुम्ही कोर्टाची चेष्टा करता आहात का? बरोबर म्हणजे खरं. शपथ घेतली आहे तुम्ही. आता उलट बोललात तर खोट्या साक्षीचा खटला होऊ शकतो, कळतंय?"

कारभारीने हात पुढे केला. पिंजऱ्यातून तो खाली आलेला होता, त्यामुळे धरायला कठडाही नव्हता. बाहेर सूरज असणार होता, उद्या शीतलची गाडी असणार होती. सही केली तर सगळं इथेच संपत होतं. घरी जाता येत होतं. त्याने मागे पाहिलं. पदराआडची उषाबाई उठायच्या बेतात होती. तिचा एक हात बाकावर टेकलेला होता.

"बराबर म्हणजे..." त्याला शब्द सापडेना. आयुष्यात त्याला या शब्दाचा अर्थ कुणी विचारला नव्हता. "बराबर म्हणजे, बोला. मी ऐकून राह्यलो. एवढंच. माणूस बोलतो तवा मधी म्हणावं लागतं ना मॅडमसाहेब? न्हाई तर त्याला वाटतं, ह्याचं ध्यान न्हाई."

बाईंनी सांडूकडे पाहिलं. "असं म्हणतात इकडे?"

सांडूने एकदा आरोपीच्या वकिलांकडे पाहिलं. वकील नखं बघत होते. "म्हणतात मॅडम," सांडू हळूच म्हणाला. "मी पण... फोनवर मी पण तेच म्हणतो."

"मॅडम, माझी सक्त हरकत आहे," आरोपीचे वकील उभे राहिले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. "साक्ष संपली आहे. साक्षीदाराला मागून शिकवण्यात आलं आहे. मघाशी ती मुलगी उठली, कोर्टाने पाहिलं." मग ते कारभारीकडे वळले आणि आवाज पुन्हा लोण्यासारखा झाला. "मामा, घाबरू नका. तुम्ही जुने माणूस. मघाशी जे बोललात ते मनापासून बोललात. आता मुलीकडं बघून, शेजारणीकडं बघून तुम्हाला वाईट वाटतंय. माणसाला वाटतं असं."

ते थांबले. वाट पाहत.

कारभारीच्या ओठांवर ब आला. ओठ मिटलेही. कोर्टात सगळे त्या ओठांकडे बघत होते. टंकलेखकाची बोटं उचललेली होती, सांडूने मान खाली घातली होती, शीतलने डोळे मिटून घेतले होते. कारभारीने जबडा इतका आवळला, की गालाची शीर उडताना दिसली. वकील आणखी थोडे थांबले. गप्प माणसापुढे बोलत राहणं त्यांनाही जड गेलं. चष्मा लावत ते म्हणाले, "काय मामा?"

"न्हाई," कारभारी म्हणाला.

हा शब्द उच्चारायला त्याला जोर लावावा लागला आणि तो गरजेपेक्षा मोठ्याने बाहेर पडला.

न्यायाधीश बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "नोंदवलेलं मला खोडता येणार नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "वाचून दाखवताना साक्षीदाराने हरकत घेतली, असं टिपण खाली लिहिता येईल. त्याला किती वजन द्यायचं ते निकालाच्या वेळी बघू."

"मॅडम, पण—"

"तुमचीही हरकत लिहिते. बसा." त्यांनी नाक पुसलं. "बोला कारभारी. तुमच्या म्हणण्याप्रमाणे काय खरं आहे? थोडक्यात."

हाच तो क्षण होता. संगीत नव्हतं. पुढच्या केसचा वकील घड्याळ बघत होता आणि कुणाचा तरी मोबाईल वाजून बंद झाला. कारभारीने महिनाभर पाठ केलेलं भाषण रामप्रसादच्या बालपणापासून सुरू होणारं होतं. त्यातलं काहीही त्याला आठवेना.

"रामप्रसाद पेलेला नव्हता," तो म्हणाला. "त्याचा डावा पाय जन्मापासून आखूड होता. त्यो टोपल्या वढत होता जागेवर. गाडी आली त्याच्याकडं. त्यो गेला न्हाई गाडीकडं. ह्या पोराचं ध्यान मोबाईलमधी होतं. हे मी बघितलं."

सरकारी वकिलांनी फाईल बंद केली आणि राजूरच्या जीपची फाईल शोधायला सुरुवात केली.

न्यायाधीश बाई टंकलेखकाकडे वळल्या. या वेळी त्यांनी आवाज मोठा ठेवला. "साक्षीदार असे सांगतो की, 'बराबर' या शब्दाने त्याने होकार दिलेला नाही. त्याच्या म्हणण्याप्रमाणे मयत रामप्रसाद हा दारू प्यालेला नव्हता..."

शेवटच्या बाकावर उषाबाई उभी राहिली. तिने तोंडावरचा पदर काढून नीट डोक्यावर घेतला आणि हात पोटाशी जोडून ती समोर बघत उभी राहिली. 

"बसा बाई," दारातला शिपाई म्हणाला. "खाली बसा."

ती बसली नाही. शिपाई दोन पावलं पुढे आला. न्यायाधीश बाईंनी बोलता बोलता त्याला हाताने थांबवलं.

"...त्याचा डावा पाय जन्मतः आखूड होता," त्या सांगत राहिल्या. टंकलेखकाच्या बोटांचा आवाज येत राहिला. पुढच्या केसची माणसं मागे वळून त्या एकट्या उभ्या बाईकडे बघत होती. तिची नजर कुणाकडे नव्हती. बोटांचा आवाज थांबला, कारभारीने कागदावर वाकून आपलं नाव पूर्ण लिहिलं, तेव्हाच ती खाली बसली.